नावं ठेवलेला लॅपटॉप

काजलला प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा असं ठरलं, तेव्हा ब्राह्मणपुरीतल्या त्या घरात सगळ्यात जास्त उत्साह चढला तो तिच्या वडिलांना, म्हणजे हिलालआप्पांना. आणि सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती काजलने. कारण लॅपटॉप कशाशी खातात हे आप्पांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीत मागे राहायची त्यांना सवय नव्हती.

आप्पा म्हणजे बैलांचे पारखी. एके काळी शहादा तालुक्यात कुणाला जोडी घ्यायची असली की आधी हिलालआप्पांना निरोप जायचा. ते बैलाचे दात बघत, पाठीवर हात फिरवत, मागे उभं राहून चाल बघत आणि मग एकच शब्द बोलत. त्या शब्दावर सौदा व्हायचा किंवा मोडायचा. पुढे गावात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला दात नसतात, त्यामुळे आप्पांना बोलावणारे कमी होत होत संपले. घरात मिक्सर आला, फ्रीज आला, तेव्हा आप्पांनी त्यांच्याही पाठीवरून हात फिरवून पाहिला, पण त्यात काही रंगत आली नाही. लॅपटॉपचं तसं नव्हतं. त्याला तोंड उघडता येत होतं आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं.

काजलला नाशिकच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. रविवारी सकाळच्या एसटीने निघायचं आणि सोमवारपासून वर्ग. तिच्या ओळखीची रंजिता तिथेच पुढच्या वर्षाला होती. तिने फोनवर बजावलं होतं, “रॅम सोळा जीबीची घे, प्रोसेसर दमदार घे, दिसण्यावर जाऊ नको. चुकीचा घेतलास तर चार वर्षं रडशील.” यातलं शेवटचं वाक्य काजलच्या मनात घर करून बसलं होतं. लॅपटॉप एकदाच येणार होता आणि तो निवडणार होते आप्पा.

गुरुवारी शहाद्याला निघताना, मोटरसायकलला किक मारायच्या आधी, आप्पांनी लेकीला बाजाराचा कायदा सांगितला.

“देख काजल, जो मनमा भरना, त्यालेच नावं ठेवानी. तोंडवर कायबी दखाडानं नही. दुकानदारले समजनं ना, आपले कोनता जोयजे, मंग तो आपलाच कान धरस.”

“आनि जो नको, त्यानी तारीफ करानी?”

“हां. पन बेतनी.”

“आप्पा, लॅपटॉपवर बठ्ठं लिखेल ऱ्हास. कितली रॅम, कितला भाव.”

“बैलना कपायवरबी बठ्ठं लिखेल ऱ्हास. वाचता येवाले जोयजे,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

धीरजचं लॅपटॉपचं दुकान शहाद्यात नवंच होतं. काही वर्षं पुण्याला नोकरी करून तो गावाकडे परतला होता आणि ब्राह्मणपुरीचं एकही गिऱ्हाईक अजून त्याच्या पायरीला लागलं नव्हतं. त्याने मोठ्या उमेदीने दोन लॅपटॉप काउंटरवर मांडले. एक काळा, जाडजूड, उचलला तर मनगटाला कळावा असा. दुसरा चंदेरी, पातळ, बोटभर जाडीचा, बघताक्षणी हात लावावासा वाटणारा. काजलने दोन्हींच्या पाट्या वाचल्या. काळ्याची रॅम सोळा, चंदेरीची आठ. काळ्यात रंजिताने सांगितलेला शब्दन् शब्द होता. काजलला इतका आनंद झाला की तिने लगेच नाक मुरडलं.

“हाऊ काया भलता जड शे,” ती म्हणाली.

आप्पांनी काळा पुढे ओढला. त्याचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडून बिजागरीला कान लावला. कळांवरून एक बोट फिरवून सगळे दात जागेवर असल्याची खात्री केली. मग तो उलटा करून पोटाखालची जाळी दाखवत विचारलं, “हाई काय शे?”

“तिथून हवा आतबाहेर होते आप्पा. आत पंखा आहे,” धीरज म्हणाला.

“म्हनजे नाक. आनि ती रॅम रॅम काय म्हनतस?”

“एका वेळी किती कामं अंगावर घेऊ शकतो, ते.”

“छाती,” आप्पा म्हणाले. “आनि प्रोसेसर?”

“किती झपाट्याने काम उरकतो, ते.”

“चाल. बॅटरी म्हनजे दम. समजनं.”

धीरजने पुण्यात नोकरीत शेकडो लोकांना हे समजावलं होतं, पण इतक्या लवकर कुणालाच समजलं नव्हतं. तो कौतुकाने बघत राहिला. इकडे आप्पांच्या मनाने निकाल दिलाही होता. छाती रुंद, चाल चांगली, हाडापेराने मजबूत. असं जनावर खूप वर्षांत त्यांच्या हाताखाली आलं नव्हतं. त्यांनी काळा काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला.

“हाऊ मरतुकडा कोठून आना रे भो?”

धीरज गोंधळला. दुकानातला सगळ्यात चांगला माल, आणि बाप-लेक दोघं मिळून त्याला नावं ठेवत होते. त्याने निमूटपणे चंदेरी पुढे केला. आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हाऊ देखना शे. गुनी दखास.” काजलनेही मान डोलावली. धीरजने बिलबुक काढलं, तर आप्पांनी त्याचा हात धरला.

“थांब. दोन्हीसले घर लई जातस. जुपीसन देखतस, मंग सांगतस.”

“जुंपून?”

“घरी चालवून बघायचे म्हणतात,” काजल खाली मान घालून म्हणाली.

“औतले जुपाना बिगर बैल कोन लेस?” आप्पांनी विचारलं.

धीरजने आधी दोन्ही लॅपटॉप आपल्याकडे ओढले. पण समोर ब्राह्मणपुरीचं पहिलं गिऱ्हाईक होतं आणि त्या गिऱ्हाइकाच्या शब्दाला गावात वजन आहे, एवढं त्याला दिसत होतं. “शनिवारपर्यंत परत आणा. ओरखडा तेवढा नको,” असं म्हणत त्याने दोन्ही पिशव्यांत घातले. जुंपण्यासाठी आणखी काही लागतं का, हे विचारावं की नाही या विचारात तो दारापर्यंत सोडायला आला.

अंगणात बाजेवर दोन्ही लॅपटॉप मांडले न मांडले तोच शेजारचे भाईदास हजर झाले. ब्राह्मणपुरीत कुणाच्या दारात जनावर जुंपून बघायला आलं की शेजाऱ्यांनी येऊन मत द्यायचं असतं. इथे जनावर नव्हतं, पण रीत ती रीत. गावाने तेवढ्या दुपारीच त्यांची नावंही पाडली. काळा तो काया, आणि चंदेरी तो धवया, म्हणजे पांढरा.

भाईदास आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र होते आणि एका बैलापायी थोडे वैरीही. झालं असं होतं की, भाईदासांनी एकदा जुंपून बघायला एक बैल आणला आणि त्यांच्या बायकोने कौतुकाने त्याला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी नांगराला लावला तर बैल अर्ध्या तासात खाली बसला, तो उठेना. भाईदास तो परत द्यायला निघाले तेव्हा पंच म्हणून आप्पांनी निकाल दिला, की बघायला आणलेल्या जनावराला कुंकू लागलं की ते घरचं झालं, आता परत जात नाही. तो बैल भाईदासांच्या दारात बसूनच म्हातारा झाला. भाईदास रोज दूध घालायला शहाद्याला जात आणि इकडची बातमी तिकडे पोचवत. त्यामुळे धीरजसमोर पाळलेला कायदा भाईदासांसमोरही पाळायलाच हवा होता.

“चालव देखू,” आप्पांनी लेकीला सांगितलं.

काजलने काळ्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सुरू केला.

“काय करी ऱ्हायना तो?” भाईदासांनी विचारलं.

“मोठमोठा अविभाज्य आकडा शोधी ऱ्हायना, काका.”

“कोना हारपनात?”

काजल काही बोलायच्या आत काळ्याचा पंखा सुरू झाला. आधी हळू, मग घोंघावत. भाईदासांनी वाकून कान लावला. “हिलाल, हाऊ तं धापा टाकी ऱ्हायना.”

आप्पांनी जाळीपाशी हात धरला. गरम वाफ हाताला लागली आणि त्यांचं मन भरून आलं. ओझं पडताच नाकपुड्या फुलवणारा बैल प्रामाणिक असतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पलीकडे भाईदास बसले होते, म्हणून ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “दमेल शे. दुकानदारनी फसाडं.”

“आनि गरमबी भलता व्हस,” काजलने भर घातली. आकडे मात्र पडद्यावर सरसर उतरत होते आणि ते बघून तिला नाचावंसं वाटत होतं.

मग तोच प्रोग्रॅम पांढऱ्यावर लावला. पांढरा गप्प होता. अंग थंड, आवाज नाही, आणि काम पुढे सरकल्याचंही काही दिसेना. जमनाबाईंनी, म्हणजे काजलच्या आईने, चहा आणला. तो पिऊन झाला, कप विसळून झाले, भाईदासांनी उसाच्या भावाबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं, तेव्हा कुठे पांढऱ्याचा शेवटचा आकडा आला.

“वा,” आप्पा म्हणाले. “सावकाश चालस, पन देखा कसा शांत. जनावर असाच जोयजे.”

“मले तं हाऊच आवडना,” काजल म्हणाली.

भाईदासांनी दोघांची तोंडं नीट पाहून घेतली आणि ते दुधाची किटली घेऊन निघाले.

खरं तर इथे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. भाईदास गेल्यावर बाप-लेकींनी एकमेकांना एक शब्द विचारला असता, तर ही गोष्ट चहाच्या कपातच संपली असती. पण आप्पांच्या मते जनावर दावणीला बांधेपर्यंत मनातलं घरातही बोलायचं नसतं. त्यात जमनाबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही अशी त्यांची खात्री, म्हणून स्वयंपाकघरात जेवायला बसल्यावरही ते म्हणत राहिले, “तो काया मन्हा घरमा नको. दखताच डोकं फिरस.” आणि काजलला वाटे, की आप्पा कुठून ऐकत असतील सांगता येत नाही, कायद्यात चूक नको. म्हणून ती एकटी असतानाही काळ्यासमोरून जाताना तोंड वाकडं करून जाई.

शुक्रवारी आप्पांनी तिला खिडकीतून तसं करताना पाहिलं आणि ते चपापले. अंगणात कुणी नव्हतं. बघणारं कुणी नसताना पोरगी नाक मुरडते, म्हणजे हे बाजाराचं नाक मुरडणं नव्हे. हिला खरोखरच पांढरा आवडलेला दिसतो. आप्पांना फार वाईट वाटलं. पण चार वर्षं त्याच्यासोबत आपल्याला काढायची नाहीत, पोरीला काढायची आहेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

त्याच दुपारी आप्पा आईशी बोलत असताना काजलने त्यांचा आवाज ऐकला. काळ्याला इतक्या तळमळीने शिव्या चालल्या होत्या की ती दारातच थबकली. घरात माय आणि आप्पा, तिसरं कुणी नाही. म्हणजे आप्पांना खरोखरच पांढरा भावला. किती वर्षांनी कुणी त्यांना काही पारखायला दिलं होतं. दोन दिवस ते पोरासारखे खुशीत होते. आता आपण ‘तुमचं चुकलं’ असं कसं म्हणायचं? काजलने परसात जाऊन डोळे पुसले आणि रंजिताने सांगितलेली चार वर्षं रडायची मनाची तयारी केली.

असे दोघंही एकमेकांसाठी मन मारून बसले. मन मारलेलं दिसू नये म्हणून पांढऱ्याचं कौतुक आणखी वाढवलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पांढऱ्यासारखा लॅपटॉप साऱ्या खान्देशात नसल्याचं त्या घरात ठरून गेलं.

जमनाबाई हे सगळं ऐकत होत्या. बैलबाजारवाल्या माणसाशी संसार करूनही त्यांच्यात बाजार आला नव्हता. कुणी चांगलं म्हटलं की त्या चांगलं समजत आणि वाईट म्हटलं की वाईट. लॅपटॉप बघायला आणलाय की विकत घेतलाय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही घरात आहेत, एक सगळ्यांना आवडलाय, लेक रविवारी निघणार, आणि तिच्या वस्तूची अजून पूजा झालेली नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

शनिवारी सकाळी आप्पा केळीच्या वावरात गेले होते आणि काजल आत कपड्यांची बॅग भरत होती. जमनाबाईंनी ताट तयार केलं. नवीन जनावराचे आधी पाय धुतात. त्यांनी पांढरा उलटा केला, तर खाली रबराची चार बटणं दिसली. ती ओल्या फडक्याने नीट पुसली. मग झाकण उघडून कपाळ शोधलं. पडद्याच्या वर मधोमध एक बारीक काळा ठिपका होता, कुंकवासाठीच ठेवल्यासारखा. त्यावर त्यांनी बोटभर कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि ओवाळलं. काही अक्षता कळांच्या फटीत गेल्या. शेजारी पडलेल्या काळ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर टॉवेल घातला.

फवारणीचा पंप मागायला म्हणून भाईदास नेमके तेव्हाच आले.

“वहिनी, कुंकू लाई दिधं?”

“हां, लाई दिधं. काजलना शे ना तो.”

भाईदास पंप विसरले. ते बाजेवर ऐसपैस बसले आणि आप्पांची वाट बघू लागले. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही दिसलं नव्हतं. आप्पा फाटकातून आत आले तसे भाईदास उठले आणि म्हणाले, “हिलाल, कुंकू लागनं. आते जनावर घरनं.” एवढं बोलून ते निघूनही गेले. जास्त बोलायची गरजच नव्हती.

आवाज ऐकून काजल बाहेर आली. दोघंही पांढऱ्याच्या लाल कपाळाकडे बघत उभे राहिले.

“जाऊ दे,” आप्पा जड आवाजात म्हणाले. “तुले आवडना ना, बस.”

“मले?” काजल म्हणाली. “तुमले आवडना म्हनीसन मी गप व्हती.”

“मले तं काया जोयजे व्हता.”

“मलेबी.”

जमनाबाई हातात ताट घेऊन एकदा नवऱ्याकडे आणि एकदा लेकीकडे बघत होत्या. “मंग दोन दिनपाईन त्याले शिव्या काबर दी ऱ्हायनात?”

“जोयजे व्हता म्हनीसन,” दोघं एकदमच म्हणाले.

“जोयजे त्याले शिव्या, नको त्यानी तारीफ,” जमनाबाई म्हणाल्या. “मंग मी कुंकू कोनले लावू?”

काजल मटकन बाजेवर बसली आणि आता मात्र तिला रडू आवरेना. आप्पा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. पोरगी रडत होती, ते बघवत नव्हतं. पण निकाल त्यांनीच दिलेला होता आणि त्यापायी भाईदासांनी एक बसका बैल जन्मभर पोसला होता. आता स्वतःच्या दारात कुंकू लागल्यावर आप्पांनी नियम फिरवला असता, तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, “चाल, दुकानवर जाऊत. देखूत काय व्हस ते.”

“मीबी येस,” जमनाबाई म्हणाल्या. “चुकी मन्ही शे.”

एका मोटरसायकलवर तिघं आणि दोन लॅपटॉप असे ते शहाद्याला पोचले. वाटेत आप्पांनी ठरवलं होतं की आता आडपडदा नाही. जे जन्मात केलं नाही ते करायचं, हव्या असलेल्या जनावराचं तोंडभर कौतुक करायचं. त्यांनी काळा काउंटरवर हळूच ठेवला, त्यावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

“धीरजभाऊ, हाऊ काया म्हनजे एक नंबर. काय छाती, काय चाल. असा मी आजलोंग देखा नही.”

धीरजचा चेहरा पडला. त्याचं कारण असं, की शुक्रवारी सकाळी दूध घालून परतताना भाईदास दुकानात डोकावले होते आणि आप्पांची सगळी किल्ली त्याला देऊन गेले होते. हिलाल ज्याला नावं ठेवतो तो त्याला हवा असतो, ज्याची तारीफ करतो तो नको असतो. हे ऐकून धीरजने खुशीत काळ्याचं बिल तयारही करून ठेवलं होतं.

“म्हणजे काळा नको का आप्पा?” त्याने विचारलं.

“जोयजे ना. तारीफ करी ऱ्हायनू ना मी.”

“तारीफ करताय म्हणूनच विचारतोय. परवा शिव्या दिल्या, म्हणजे परवा हवा होता. मग मधल्या दोन दिवसांत काय झालं?”

“कायबी नही व्हयनं. तवयबी जोयजे व्हता, आतेबी जोयजे.”

“मग परवा खोटं बोललात की आज?”

“परवा,” काजल म्हणाली.

“पण परवा तर तुम्ही पण नाक मुरडलं होतं. मग तुमचं आज काय आहे?”

आप्पांनी आणखी जोर लावून काळ्याचं कौतुक केलं, तसतसा धीरज काळा हळूहळू आपल्याकडे ओढू लागला आणि पांढरा त्यांच्याकडे सरकवू लागला. खरं बोलणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही असा प्रसंग आप्पांवर प्रथमच येत होता. शेवटी मागे उभ्या असलेल्या जमनाबाई पुढे आल्या.

“भाऊ, आम्हले काया जोयजे. पोरनं मन त्यावर शे. मी चुकीसन धवयाले कुंकू लावं.”

धीरजने त्यांच्याकडे पाहिलं. या बाईच्या चेहऱ्यावर बाजार नव्हता, हे त्यालाही दिसलं. त्याने पांढरा उघडला, कॅमेऱ्यावरचा लाल गोळा आणि कळांमधले तांदूळ पाहिले आणि म्हणाला, “एवढंच ना? पुसून घेतो. हे दोन्ही तर नमुन्याचे आहेत, लोकांना दाखवायला ठेवलेले. विकायचे सीलबंद खोक्यात असतात.”

आप्पांनी मान वर केली. “म्हनजे हाऊ इकाले काढेलच नव्हता?”

“नाही हो. हा माझा, दुकानाचा.”

आप्पा तरी अडून होते. “पन कुंकू तं लागनं.”

“पोयाले दारवर येतस त्या बठ्ठा बैलेसले मी कुंकू लावस,” जमनाबाई म्हणाल्या. “बठ्ठा आपला व्हतस का?”

आप्पांनी स्टुलावर बसून यावर बराच विचार केला. पोळ्याला दुसऱ्याच्या बैलाला कुंकू लावलं तर बैल दुसऱ्याचाच राहतो, यात त्यांना कुठेही फट सापडेना. पंच म्हणून त्यांनी मान डोलावली. धीरजने आतून काळ्याचं सीलबंद खोकं आणलं, तर आप्पांनी ते हाताने मागे लोटलं.

“हाऊ कोन शे?”

“काळाच. तोच. एकदम नवा.”

“जुपेल तो नही ना. एक गायना दोन वासरे बी सारखा नही ऱ्हातस. मले हाऊच दे, जुपीसन देखेल.”

“आप्पा, तो रोज दहा माणसं हाताळतात. नवा सोडून वापरलेला कशाला?”

काजल मध्ये पडली. तिचा पहिला प्रोग्रॅम त्याच काळ्यात होता आणि तिला तो सोडवत नव्हता. धीरजने दोन्ही हात जोडले, नमुन्याचा काळा त्यांना दिला आणि बिलावर सही घेताना हळूच विचारलं, “हे आता खरं आहे ना?” तिघांनीही माना डोलावल्या, तरी तो त्यांच्या मोटरसायकलकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

रविवारी सकाळी गावच्या फाट्यावर एसटी उभी राहिली. काजलच्या पाठीवर काळा होता. तिला सोडायला घरचे दोघं आले होते, आणि वैर असलं तरी भाईदासही आले होते.

“पोरगी एकली ऱ्हाई का नाशिकले?” भाईदासांनी विचारलं.

“हाई?” आप्पा म्हणाले. “हिले काय जमस? भलती आयशी शे. साधी भाकर गोल येत नही. डोकामा तं काहीच घुसत नही. दोन दिनमा परत येई, देखजो.”

जमनाबाईंना संताप आला. निघायच्या वेळी असं बोलतं का कुणी? भाईदास मात्र खाली बघू लागले. काजल एसटीच्या पायरीवर उभी होती. दहावीला ती शाळेत पहिली आली तेव्हा हेच आप्पा पेढे वाटताना ‘कशीबशी पास व्हयनी’ म्हणाले होते. बारावीलाही तसंच. दर वेळी ती आत जाऊन रडली होती. आज आप्पा तिच्या एकेका दोषाचं नाव घेत होते, यादी संपत नव्हती आणि त्यांचा आवाज जड होत चालला होता. इतकं कौतुक आपलं आजवर कुणी केलं नव्हतं, हे तिला त्या पायरीवर उभं राहून कळलं.

ती खाली वाकून म्हणाली, “आप्पा, तुम्हीबी काही खास नहीत. तुमले बैलमा कायबी समजत नही.”

आप्पांनी मान फिरवली आणि रुमालाने तोंड पुसलं. “बेतनी बोल,” ते म्हणाले. “लोके आयकी ऱ्हायनात.”

कंडक्टरने घंटी दिली. एसटी वळणाआड गेली तरी आप्पा रस्त्याकडेच बघत होते. “बरं व्हयनं, गई एकदानी,” ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले.

जमनाबाई तोंड उघडून काहीतरी सुनावणार होत्या, पण थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग लग्न होऊन या घरात आल्यापासूनची सगळी दुपारची जेवणं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

“आयका का,” त्या हळूच म्हणाल्या. “मन्हा हातनी भाजी तुमले रोज खारी लागस ना?”

“भलती खारी,” आप्पा म्हणाले.

जमनाबाई तोंडाला पदर लावून, लाजत, घराकडे चालू लागल्या.